येऊन राहिली

१९ जानेवारी, हिंगोली

सकाळी ०८.१५ ला ऐश्वर्याचा फोन. लेक नांदेडला बँकेत आहे, कामाच्या वेळेआधीच बोलते. म्हणाली, ‘पप्पा, तुमची अन् मम्मीची लक्षद्वीपची टूर बुक केली. कोचीनहून जहाज, तीन बेटं. आता न्हाई म्हणायचं न्हाई.’

मी विचारलं, तुझ्या आईला विचारलंस का? ‘ती तयार झाली म्हणूनच केली.’ मग म्हणाली, ‘पप्पा, एक करा. तिथं तिला टाइम सांगत बसू नका.’

हे मला समजलं नाही. जहाजाला वेळ असतेच की.

शिला दिवाळीपासून कनेरगाव नाक्याला धाकट्या बहिणीकडे, मोतीबाईकडे आहे. मोतीबाईचा गुडघा धरला आहे म्हणून मदतीला गेली. एका गुडघ्याला तीन महिने! मी चार वेळा फोन केला. तीन वेळा शिला म्हणाली, अजून सूज आहे. चौथ्यांदा मोतीबाईनंच उचलला. ‘दाजी, ती हळदीच्या वावरात गेली. मीबी तिकडंच जाऊन राहिले, मागून करते फोन.’ फोन काही आला नाही. अशा गुडघ्यानं वावरात जाऊ नये एवढं तिला कुणीतरी सांगायला पाहिजे.

२४ जानेवारी

स्वयंपाकघरात मी लावलेलं वेळापत्रक तसंच आहे. सहाला चहा, आठ वाजून दहाला नाश्ता, साडेअकराला जेवण. चौतीस वर्षं एसटीत काढली, त्यातली शेवटची अठरा हिंगोली स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून. गाडी कधी आली, कधी सुटली, उशीर किती, कारण काय, हे लिहिल्याशिवाय मला जेवण जात नसे. निवृत्त झाल्यावर ती सवय घरच्या कामी यावी असं वाटलं. उशीर झाला की लाल पेनानं मिनिटं लिहायचो. रागानं नाही, नोंद म्हणून. शेवटची नोंद दिवाळीच्या आधीची आहे: ‘भाजी, उशीर ११ मिनिटे, कारण शेजारीण.’ त्याखाली कोरं.

आता नाश्ता मी करतो. तो सव्वादहाला होतो. ते मी लिहिलेलं नाही.

१ फेब्रुवारी, नांदेड स्टेशन

ठरल्याप्रमाणे शिला कनेरगावहून गाडीत बसून आली, मी हिंगोलीला चढलो. तिनं माझ्यासाठी जागा धरली होती. नवीन हिरवं पातळ, केस काळे केलेले नाहीत, तब्येत चांगली दिसली. मला फार बरं वाटलं, पण मी म्हणालो काय, तर ‘गाडी सात मिनिटं लेट हाय.’

कळमनुरी गेल्यावर ती म्हणाली, ‘एक सांगून ठेवते. टूरवरून मी परत कनेरगावलाच उतरीन.’

‘अजून बरा न्हाई का मोतीबाईचा गुडघा?’

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, ‘न्हाई.’

खरं लिहायचं तर मला रडू येईल असं वाटलं. घरात रेडिओ लावून ठेवतो, कुणीतरी बोलतंय म्हणून. परत येईपर्यंत तिला हिंगोलीला उतरायला राजी करायचं, एवढंच मला या सहलीकडून पाहिजे. बेटं बघितली न बघितली सारखंच. पण बायकोला मी कधी काही मागितलेलं नाही. कसं मागतात तेच येत नाही.

३ फेब्रुवारी, जहाजावर

१५.०५ ला सुटलो. पाच मिनिटं उशीर, कारण कळलं नाही.

आमच्या टूरमध्ये बावीस माणसं. मॅनेजर सुरज म्हणून ठाण्याचा आहे, चाळिशीचा, डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी. मोबाइलमध्ये नावांची यादी ठेवतो आणि विचारून विचारून खूण करतो. मी त्याला सांगितलं, विचारू नका, डोकी मोजा. तो ‘हो काका’ म्हणाला. ऐकणाऱ्यातला वाटला नाही.

जमीन दिसेनाशी झाली तेव्हा आम्ही दोघंही कठड्याला होतो. समुद्र दोघांनीही पहिल्यांदा पाहिला. मोठं पाणी म्हणजे आम्हाला सिद्धेश्वरचं धरण, आणि त्याला पलीकडचा काठ आहे. मी म्हणालो, ‘याला काठच न्हाई.’ शिला म्हणाली, ‘बरं हाय.’

४ फेब्रुवारी, कवरत्ती

सकाळी उठलो तर जहाज उभं. बेट समोर दिसतं, पण जहाज जवळ जात नाही. बेटाभोवती पोवळ्याचं कुंपण आहे, पाण्याखालचं. त्याच्या आतल्या उथळ पाण्याला लगून म्हणतात. तिथं लहान होडीनंच जायचं. जहाजाच्या पोटातला दरवाजा उघडतात, खाली होडी वरखाली होत असते, दोन खलाशी आपले दंड धरतात आणि लाट वर आली की बराबर उचलून होडीत ठेवतात. ओरडा नाही, ढकलाढकल नाही. बावीस माणसं नऊ मिनिटांत. मी उभा राहून बघतच राहिलो. आपल्याकडे सणाला खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी माणसं आठवली. त्या खलाशांना महामंडळात घेतलं पाहिजे.

कुंपण ओलांडलं आणि पाण्याचा रंगच बदलला. बाहेर गर्द निळं, आत काचेच्या बांगडीसारखं हिरवं, आणि काठाला तर रंगच नाही, नुसती खालची वाळू. शिलाच्या तोंडून ‘अगं बाई!’ निघालं. तीन महिन्यांत माझ्यासमोर तिच्या तोंडून आनंदानं निघालेला हा पहिला शब्द.

मग काचेच्या तळाच्या होडीत बसवलं. पायाखाली पोवळ्याची झाडोरी, तिच्यातून पिवळे, निळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे. मी मोजायला लागलो आणि सोडून दिलं. इतकं सुंदर काही असतं आणि ते मी साठ वर्षं न बघता जगलो, याचा मला आज राग आला. कुणाचा ते सांगता येत नाही.

दुपारी एका घरी नारळपाणी प्यायलो. घरची बाई शिलाच्याच वयाची, डोक्यावर ओढणी, हसरी. सुरजनं तिचं बोलणं आम्हाला सांगितलं. इथल्या जुन्या रीतीप्रमाणे घर बाईचं. लग्न झालं तरी ती आपल्या आईच्याच घरी राहते, नवरा तिच्याकडे येतो. मी विचारलं, मग घरात चालतं कुणाचं? सगळे हसले. शिला तेवढी हसली नाही. ती सुरजला म्हणाली, ‘इचारा तिला. नवरा येतो, मंग ऱ्हातो का जातो?’

बाई म्हणाली, कुणी राहतो, कुणी जातो. त्यावर दोघी एकमेकींकडे बघून मान हलवत बसल्या, भाषा येत नसूनही.

५ फेब्रुवारी, कलपेनी



कलपेनीच्या लगूनमध्ये लहान लहान टापू आहेत. माणूस वस्तीला नाही, नुसती वाळू, नारळ आणि पाणी. सकाळी दोन होड्यांनी एका टापूवर नेलं. मी पुढच्या होडीत, शिला मागच्या होडीत बायकांबरोबर. तीच म्हणाली, मी तिकडं बसते. टापूवर दोन तास मोकळे दिले. मी सावलीत बसून निघायच्या वेळेकडे लक्ष ठेवलं.

११.३० ला सुरजनं शिट्टी वाजवली. मी पुढच्या होडीत चढून बसलो. वाळूच्या टोकाकडून हिरव्या पातळातली बाई येताना दिसत होती. सुरजनं मोबाइल बघत विचारलं, ‘काका, काकू?’

मी म्हणालो, ‘येऊन राहिली.’

त्यानं खूण केली. आमची होडी सुटली. मागच्या होडीवाल्याला त्यानं हात करून सांगितलं, सगळे आले, चल.

कलपेनीच्या धक्क्यावर मी उतरून उभा राहिलो. मागची होडी लागली. एकेक बाई उतरली. हिरव्या पातळातली बाईही उतरली. ती दुसरीच होती, नागपूरची.

होडी रिकामी झाली तरी मी तिच्याकडे बघत होतो.

‘शिला कुठाय?’

सुरजचं तोंड उतरलं. ‘काका, तुम्हीच म्हणालात, येऊन राहिली!’

‘मंग? येऊन राहिली म्हणलं म्हणजे अजून यायची हाय ना!’

‘अहो, येऊन राहिली म्हणजे आली आणि राहिली. मला वाटलं, तुमच्याच होडीत मागं बसल्यात.’

त्याचंही चुकलं नाही. माइकवर मी अठरा वर्षं ‘येत आहे’ म्हणत आलो. ‘पुसेगाव मुक्कामी गाडी फलाट क्रमांक तीनवर येत आहे.’ पण ते माइकवरचं. घरचं माणूस आहे म्हणून घरचं बोललो. अठरा वर्षांत माझ्या मोजणीत एक माणूस चुकलं नाही, आणि चुकलं ते हे.

लगेच परत निघू म्हटलं तर होडीवाला मान हलवायला लागला. ओहोटी सुरू झाली होती. सरळ वाटेवर पोवळं वर आलेलं, होडीचा तळ फाटेल, लांबून वळसा घालावा लागेल. कोया त्याचं नाव, पन्नाशीचा, उघडाबंब, हिंदी मोडकं. ‘आप बैठो इधर, मैं लाता,’ म्हणाला. मी तरंगायचं जाकीट घाईनं अंगात अडकवून त्याच्याआधी होडीत चढलो. मला पोहता येत नाही, पाण्याची भीती वाटते, सगळं खरं. पण चढलो.

कोया होडीच्या टोकाला उभा राहून पाण्याकडे बघत वल्ह्यानं वाट काढत होता. एका जागी तळ घासला तर स्वतः उतरून खांद्यानं होडी ढकलली. घाबरला नाही. या माणसाला मी जन्मभर विसरणार नाही.

माझ्या मनात काय काय येत होतं ते लिहितो. ती पाण्यात उतरली असेल. होड्यांच्या मागे ओरडत धावली असेल. तिला वाटलं असेल, यानं मला मुद्दाम सोडलं. ऐश्वर्याला काय सांगू. आणि शेवटी एकच राहिलं, की हिच्याशिवाय मला जगायचं नाही. छत्तीस वर्षांच्या संसारात हे मी तिला एकदाही म्हणालो नाही. लाल पेनानं अकरा मिनिटं मात्र लिहिली.

टापू दिसला. शिला गुडघाभर पाण्यात बसली होती, पातळ खोचलेलं, चपला वाळूवर नीट जोडून ठेवलेल्या. रडत नव्हती. हातानं पाणी हलवत होती आणि तिच्या हाताभोवती नखाएवढे मासे फिरत होते. होडीचा आवाज ऐकून तिनं मान वळवली.

‘एवढ्या लवकर काहून आले?’

मी पाण्यात उतरलो, पँटसकट. मग म्हणालो, ‘वरडायचं व्हतं ना. होड्या जाताना दिसल्या न्हाईत का?’

‘दिसल्या की.’

‘मंग?’

‘न्हाई वरडले.’

मी तिच्याजवळ बसलो. कोया लांब जाऊन नारळाखाली टेकला, जाणता माणूस. मग शिला एकदम बोलली. ‘मोतीच्या गुडघ्याला काही झालेलं न्हाई. कवाच न्हवतं झालं.’

‘मंग तू काहून गेलीस?’

‘तुमच्या त्या लाल पेनापायी.’

मासे माझ्याही पायाशी आले होते. मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

‘अठ्ठावीस वर्षं अंगणवाडीत लोकाईची लेकरं सांभाळली,’ ती म्हणाली. ‘एकाबी लेकराला मी असं लिहून न्हाई दाखवलं. तुमी मनानं वाईट न्हाई, ते मला ठावं हाय. पण घरात तुमच्यासंगं बसलं का मला फलाटावर उभं असल्यावानी वाटतं. आज पैल्यांदा कोणी मला टाइम न्हाई सांगितला. होड्या गेल्या, म्हणलं जाऊ द्या. दोन घंटे तर भेटतील. तर तुमी आले.’

‘मी लई भ्यालो, शिला.’

‘दिसलं मला. जाकीट उलटं घातलंय तुमी.’

खरंच उलटं होतं. तिनं ते सोडून सरळ करून दिलं. बंद बांधताना तिचे हात माझ्या छातीवर होते आणि मी पुन्हा घाबरलो, पण वेगळा.

‘बस अजून,’ मी म्हणालो. ‘पाहिजे तेवढं बस.’ कोयाला मी हात करून थांबायला सांगितलं. त्यानंही हात केला. किती वेळ बसलो ते लिहिता येणार नाही.

६ फेब्रुवारी, मिनिकॉय

घड्याळ पेटीत ठेवलं. डावं मनगट दिवसभर हलकं लागत होतं.

जहाजावर सगळ्यांना कालची गोष्ट माहीत झाली आहे. भेटेल तो ‘काका, जेवण येऊन राहिलं’ म्हणतो आणि हसतो. सुरजनं शिलाची तीन वेळा माफी मागितली. आता तो डोकी मोजतो. मी त्याला शाबासकी दिली आणि दुसरी सूचना गिळली.

मिनिकॉयचं लगून बाकी दोन्हींपेक्षा मोठं आहे. दीपगृहावर चढून पाहिलं. खाली एका बाजूला समुद्र आपटतोय, दुसऱ्या बाजूला तेच पाणी निवांत पडलंय, मध्ये पोवळ्याची एक बारीक रेघ. ती रेघ किड्यांनी बांधली आहे, शेंगदाण्याएवढेही नसतील. मी सुरजला दोनदा विचारून खात्री केली.

दुपारी शिला तोंडाला काच लावून पाण्यात उतरली. साठीला आलेली बाई, सलवार घालून, शिकवणाऱ्याचा हात धरून पाण्यावर पालथी पडली, आणि थोड्या वेळानं तिनं तो हात सोडला. मी काठावरून बघत होतो. ती तरंगत होती. छत्तीस वर्षांत मी हिला नीट बघितलंच नव्हतं. वर आली तेव्हा धापा टाकत हसत होती. म्हणाली, ‘खाली एक कासव व्हतं हो, माझ्याकडं बघून सावकाश गेलं. त्याला कायची घाई न्हाई.’

हे मला उद्देशून होतं की नाही, कळलं नाही. मी म्हणालो, ‘लई भारी दिसत व्हतीस.’ ती लाजली. मीही.

७ फेब्रुवारी, जहाजावर

आज मागितलं. कठड्याला उभे होतो. म्हणालो, ‘वेळापत्रक काढून टाकीन. पेनबी देतो तुझ्या हातात. हिंगोलीला उतरशील का?’

ती पाण्याकडे बघत म्हणाली, ‘कागद काढाल हो. तोंडाचं काय?’

मी तोंडावर हात ठेवून दाखवला. ती म्हणाली, ‘बघू.’ तेवढ्यावर दिवस काढला.

१० फेब्रुवारी

नांदेडहून दुपारची अकोला गाडी मिळाली. ही हिंगोली स्टँड घेऊन कनेरगाववरून पुढं वाशिमला जाते. शिला खिडकीशी. गाडीभर तिनं विषय काढला नाही आणि मीही नाही. वारंगा फाटा गेला, कळमनुरी जवळ आली.

कंडक्टर बालाजी निघाला, माझ्या हाताखालून गेलेला. गर्दीतून आमच्यापर्यंत यायला त्याला एवढा वेळ लागला. ‘जयभीम साहेब! कुठं गेलते, एवढे काळे होऊन? हिंगोली दोन ना, एक फुल एक हाफ?’ त्याचं बोट मशीनवर गेलंही होतं.

‘व्हय’ माझ्या तोंडाशी आलं होतं. जन्मभर मीच दोघांचं सांगत आलो. ते दातांमागं धरलं आणि म्हणालो, ‘माझं हिंगोली. बाईचं बाईला इचार.’

बालाजीनं चमकून माझ्याकडे पाहिलं. शिलानंही पाहिलं.

‘कनेरगाव नाका,’ ती म्हणाली.

मी समोरच्या सीटचा दांडा धरला. बोलायचं नाही हे ठरवलेलंच होतं, पण लिहायला हरकत नाही: त्या क्षणी मला म्हातारा झाल्यासारखं वाटलं.

बालाजीनं तिकीट फाडून तिच्या हातात दिलं आणि माझं हिंगोलीचं काढायला लागला, तर शिला त्याला म्हणाली, ‘त्यांचंबी कनेरगावच दे.’

‘अगं, माझे धुतलेले कपडे घरी हायेत,’ मी म्हणालो. दुसरं काही सुचलंच नाही.

‘तिथं दोरी हाय, पाणी हाय. धुवा अन् वाळू घाला.’

‘मोतीबाई काय म्हणतील?’

‘काय म्हणंल? हळद शिजवायला माणूस कमीच हाय.’

हिंगोली स्टँडवर गाडी लागली. मी खाली उतरलो नाही. केबिनमधला नवा नियंत्रक खिडकीशी आला, ‘उतरा की साहेब, चहा घेऊ,’ म्हणाला. मी म्हणालो, ‘न्हाई, मला पुढं जायचंय.’ त्याला ते खरं वाटेना. माझ्याच फलाटावरून गाडी सुटली तेव्हा मी आत बसलेलो होतो, शिलाच्या पिशव्या मांडीवर घेऊन, आणि ती खिडकीला डोकं टेकून झोपली होती.

आता मोतीबाईच्या ओसरीवर बसून लिहितो आहे. अंगणात हळदीची कढई लागली आहे, वास सगळ्या घरात. शिलानं मला लाकडं सारायचं काम दिलं आहे आणि ते मला जमत नाही, असं दोघी बहिणींचं मत आहे. किती दिवस राहायचं ते तिनं सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.